लिनक्सवर गेम सर्व्हर कसा बसवायचा, आणि अपडेट करताना आपलं वर्ल्ड कसं वाचवायचं?

शनिवारची रात्र. जेवणं उरकून पाच-सहा मित्र आपापल्या कम्प्युटरसमोर बसलेत. आठवडाभर ज्याची वाट पाहिली तो गेम सुरू होतो, सर्व्हरचं नाव दिसतं, क्लिक होतं आणि स्क्रीनवर संदेश येतो की तुमची आणि सर्व्हरची आवृत्ती जुळत नाही. ग्रुपवर लगेच मेसेज पडायला लागतात. ज्याने सर्व्हर उभा केलाय तो घाईघाईत टर्मिनल उघडतो, कुठेतरी वाचलेली एक कमांड चिकटवतो आणि एंटर मारतो. कधी सगळं सुरळीत होतं. कधी मात्र सर्व्हर सुरू होतो, पण आत तीन महिने बांधलेला वाडा, बंदर, शेती यातलं काहीच नसतं. रिकामं, कोरं वर्ल्ड.

हा लेख त्या दुसऱ्या शक्यतेबद्दल आहे. गेम सर्व्हर बसवणं आज फार अवघड राहिलेलं नाही, एका ओळीत ते काम होतं. खरा प्रश्न येतो अपडेटच्या वेळी. म्हणून सर्व्हर कसा बसवायचा ते तर बघूच, पण त्यापेक्षा जास्त लक्ष देऊ एका गोष्टीकडे: सर्व्हरचा प्रोग्राम वेगळा आणि तुमचा डेटा वेगळा. प्रोग्राम कधीही पुन्हा डाउनलोड करता येतो, तुमचं वर्ल्ड जगात दुसरीकडे कुठेही नसतं.

उदाहरण म्हणून वॅलहाइम हा गेम घेतला आहे. स्वीडनच्या आयर्न गेट स्टुडिओचा हा गेम २ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. एका वर्ल्डमध्ये १० खेळाडू एकत्र खेळू शकतात.

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे साधारण दोन मार्ग असतात. पहिल्यात तुमच्यापैकी एक जण गेम सुरू करतो आणि बाकीचे त्याच्या कम्प्युटरला जोडले जातात. हे सोपं आहे, पण तो झोपायला गेला की सगळ्यांचा खेळ बंद.

दुसऱ्या मार्गात एक स्वतंत्र प्रोग्राम चालतो, जो खेळत नाही, फक्त खेळ चालवतो. त्याला स्क्रीन लागत नाही, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कोण कुठे आहे, कुणी कुठलं झाड तोडलं, कुठली भिंत पडली याचा हिशोब ठेवणं आणि तो सगळ्यांना कळवणं एवढंच त्याचं काम. हाच डेडिकेटेड सर्व्हर. तो रात्रंदिवस चालू राहतो, म्हणून पुण्यातला मित्र सकाळी आणि परदेशात नोकरी करणारा मित्र त्याच्या सोयीच्या वेळी त्याच वर्ल्डमध्ये येऊ शकतो.

अशा कामासाठी लिनक्स सोयीचं पडतं, कारण ते डेस्कटॉपशिवाय चालतं, फुकट आहे आणि महिनोन्‌महिने रीस्टार्ट न करता चालू राहतं.

स्टीमसीएमडी: सर्व्हर आणणारा हमाल

स्टीम हे गेम विकणारं आणि अपडेट करणारं अ‍ॅप तुम्ही पाहिलं असेल. ते चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच त्याची एक बिनचित्राची आवृत्ती बनवली आहे. तिचं नाव स्टीमसीएमडी. यात ना दुकान, ना मित्रांची यादी. फक्त टर्मिनलमध्ये कमांड द्यायची आणि स्टीमवरच्या फाइल्स आपल्या मशीनवर आणायच्या. याआधी व्हॉल्व्हच्या जुन्या गेम्सच्या सर्व्हरसाठी एचएलडीएस अपडेट टूल नावाचं वेगळं साधन होतं, पुढे त्याची जागा स्टीमसीएमडीने घेतली.

स्टीमवरच्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो, त्याला अ‍ॅप आयडी म्हणतात. गेमचा क्रमांक वेगळा आणि त्याच्या सर्व्हरचा वेगळा, असं बहुतेक वेळा असतं. काही ओळखीचे सर्व्हर क्रमांक असे:

- वॅलहाइम: ८९६६६०
- टीम फोर्ट्रेस २: २३२२५०
- लेफ्ट ४ डेड २: २२२८६०
- गॅरीज मॉड: ४०२०
- रस्ट: २५८५५०
- पालवर्ल्ड: २३९४०१०
- काउंटर-स्ट्राइक २: ७३०

शेवटचा अपवाद लक्षात ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सर्व्हर वेगळा मिळत नाही, अख्खा गेमच उतरवावा लागतो. त्यामुळे डिस्कवर ३० जीबीपेक्षा बरीच जास्त जागा आधीच मोकळी हवी.

कमांड वाचण्याआधी एक सूचना

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. जिथे खाली आडवी रेघ दिसते तिथे अंडरस्कोर द्यायचा, साधं डॅश नाही. लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी मानली जातात, म्हणून फोल्डरचं नाव जसं आहे तसंच लिहा.

पायरी १: मशीन कुठलं आणि कुठे?

घरातला जुना कम्प्युटर चालतो, किंवा भाड्याने क्लाउड मशीन घेता येतं. वॅलहाइमसाठी साधारण ४ जीबी रॅम धरून चाला.

घरच्या इंटरनेटवर सर्व्हर ठेवायचा असेल तर एक अडचण आधीच तपासा. भारतात बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात, याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी बाहेरचा मित्र आत येऊ शकत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा पत्ता वेगवेगळे असतील, तर तुमच्याकडे बहुधा हीच स्थिती आहे.

क्लाउड घेत असाल तर अंतर बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन यायलाच किमान ३९ मिलिसेकंद लागणार, प्रत्यक्षात त्याहून जास्त. मुंबईत अ‍ॅमेझॉनचं क्लाउड केंद्र २०१६ पासून आणि गूगलचं २०१७ पासून आहे, त्यामुळे सगळे खेळाडू महाराष्ट्रातले असतील तर लांबचं मशीन घ्यायचं कारण नाही.

पायरी २: वेगळा युजर आणि स्टीमसीएमडी

गेम सर्व्हर रूट युजरखाली कधीही चालवू नका. रूट म्हणजे मशीनचा मालक. सर्व्हरमध्ये एखादी त्रुटी निघाली आणि कुणी त्यातून आत शिरलं, तर रूटच्या हातात असलेलं सगळं त्याच्या हातात जातं. म्हणून 'स्टीम' नावाचा साधा युजर बनवा:

सुडो अ‍ॅडयूजर स्टीम

आता उबुंटूवर स्टीमसीएमडी बसवू. ते मल्टिव्हर्स नावाच्या भांडारात असतं, आणि प्रोग्राम ३२-बिट असल्यामुळे मशीनला तशा लायब्ररी घ्यायची परवानगी द्यावी लागते. क्रम असा:

सुडो अ‍ॅड-एपीटी-रिपॉझिटरी मल्टिव्हर्स
सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल स्टीमसीएमडी

मध्येच निळ्या स्क्रीनवर स्टीमचा परवाना करार दिसतो. तिथे माउस चालत नाही. टॅब कीने खाली जाऊन एंटर दाबायचं.

डेबियनवर हे पॅकेज नॉन-फ्री विभागात मिळतं. पॅकेज नको असेल तर व्हॉल्व्हची संकुचित फाइल थेट उतरवूनही काम होतं, पण ३२-बिट लायब्ररी तेव्हाही लागतातच.

पायरी ३: सर्व्हर उतरवणं

आता 'स्टीम' युजर म्हणून लॉगिन करा आणि ही एक ओळ द्या:

स्टीमसीएमडी +फोर्स_इन्स्टॉल_डिर /होम/स्टीम/वॅलहाइम +लॉगिन अनॉनिमस +अ‍ॅप_अपडेट ८९६६६० व्हॅलिडेट +क्विट

एकेक तुकडा समजून घेऊ.

'फोर्स इन्स्टॉल डिर' म्हणजे फाइल्स कुठल्या फोल्डरमध्ये टाकायच्या. इथला 'डिर' हे डिरेक्टरीचं छोटं रूप आहे: डी, आय, आर. हा तुकडा लॉगिनच्या आधी यायला हवा. जुन्या लेखांत तो नंतर दिलेला असतो आणि तिथेच नवखा माणूस अडकतो.

'लॉगिन अनॉनिमस' म्हणजे निनावी प्रवेश. बहुतेक सर्व्हरसाठी स्टीम खातं लागत नाही. काही गेम्सना लागतं. तिथे स्वतःचं गेम्सने भरलेलं खातं भाड्याच्या मशीनवर टाकण्यापेक्षा सर्व्हरसाठी वेगळं खातं काढणं शहाणपणाचं.

'अ‍ॅप अपडेट' म्हणजे या क्रमांकाचं जे काही आहे ते आण. नाव अपडेट असलं तरी पहिल्यांदा बसवायलाही हीच कमांड वापरतात. पुढे अपडेटलाही हीच.

'व्हॅलिडेट' म्हणजे उतरलेली प्रत्येक फाइल तपासून बघ. याबद्दल पुढे सविस्तर.

शेवटी 'सक्सेस' आणि 'फुली इन्स्टॉल्ड' असे शब्द दिसले की सर्व्हर मशीनवर आला.

पायरी ४: सुरू करण्याआधी स्क्रिप्टची प्रत काढा

वॅलहाइमच्या फोल्डरमध्ये 'स्टार्ट_सर्व्हर.एसएच' नावाची स्क्रिप्ट मिळते. त्यात सर्व्हरचं नाव, पोर्ट, वर्ल्डचं नाव आणि पासवर्ड लिहायचा असतो. बहुतेक जण त्याच फाइलमध्ये बदल करतात. पुढच्या अपडेटला ती फाइल मूळ रूपात परत येऊ शकते. मग सर्व्हर सुरू होतो, पण वर्ल्डचं नाव बदललेलं असल्याने तो त्या नावाचं नवं कोरं वर्ल्ड तयार करतो. सुरुवातीला सांगितलेल्या रिकाम्या वर्ल्डची कहाणी बऱ्याचदा अशीच घडते. अशा वेळी घाबरून काही पुसू नका. जुनं वर्ल्ड डिस्कवर तसंच असतं, फक्त स्क्रिप्टमध्ये त्याचं नाव परत लिहायचं.

गंमत म्हणजे स्टीम ही फाइल बदलून टाकेल, म्हणून आपली प्रत काढून ठेवा, असा सल्ला त्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. तो कुणी वाचत नाही! तेव्हा सीपी कमांडने 'माझा_सर्व्हर.एसएच' अशा नावाची प्रत काढा आणि बदल त्यातच करा. खऱ्या फाइलचं नाव अर्थात रोमनमध्ये ठेवा.

पासवर्डचे दोन नियम आहेत. तो किमान ५ अक्षरांचा हवा आणि सर्व्हरच्या नावात आलेला शब्द पासवर्ड म्हणून चालत नाही. सर्व्हरचं नाव 'सह्याद्री गँग' आणि पासवर्ड 'सह्याद्री' असं केलंत तर सर्व्हर सुरू होणार नाही.

मशीनच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे २४५६ आणि २४५७ हे पोर्ट उघडा. क्लाउड मशीन असेल तर क्लाउड कंपनीच्या पॅनलमध्येही हे पोर्ट वेगळे उघडावे लागतात. अनेक जण फक्त एकीकडे उघडतात आणि तासभर चूक शोधत बसतात. सीजीनॅटमुळे अडलेल्यांनी स्क्रिप्टमध्ये 'क्रॉसप्ले' हा पर्याय वापरून बघावा. त्यात जोडणी मधल्या सेवेमार्फत होते आणि मित्रांना एक कोड देऊन आत घेता येतं.

पायरी ५: तुमचं वर्ल्ड कुठे राहतं ते शोधा

ही पायरी वगळू नका.

वॅलहाइमचा प्रोग्राम आपण '/होम/स्टीम/वॅलहाइम' मध्ये टाकला. पण वर्ल्ड तिथे नसतं! ते युजरच्या घरातल्या '.कॉन्फिग' फोल्डरमध्ये, तिथून 'युनिटी३डी', 'आयर्नगेट', 'वॅलहाइम' असं आत जात 'वर्ल्ड्स_लोकल' मध्ये असतं. नावाआधी टिंब असलेला फोल्डर लिनक्समध्ये लपलेला असतो, साध्या 'एलएस' कमांडने दिसत नाही, 'एलएस -ए' द्यावं लागतं. त्यामुळे एखाद्याने निष्ठेने दररोज वॅलहाइमच्या फोल्डरचा बॅकअप घेतला, तरी त्यात वर्ल्ड नसतंच.

तिथे एका वर्ल्डच्या दोन मुख्य फाइल्स असतात. 'डीबी' शेपटाची मोठी फाइल म्हणजे तुम्ही बांधलेलं सगळं. 'एफडब्ल्यूएल' शेपटाची छोटी फाइल म्हणजे वर्ल्डची ओळख. बॅकअपमध्ये दोन्ही हव्यात. खेळाडूचं पात्र आणि त्याच्या झोळीतलं सामान मात्र खेळाडूच्या स्वतःच्या कम्प्युटरवर असतं, सर्व्हरवर नाही.

शोधाशोध टाळायची तर स्क्रिप्टमध्ये 'सेव्हडिर' हा पर्याय देऊन वर्ल्डसाठी स्वतःचा वेगळा फोल्डर ठरवता येतो. प्रोग्राम एका घरात, डेटा दुसऱ्या घरात, आणि दोन्ही पत्ते तुम्हाला पाठ.

प्रत्येक गेममध्ये ही जागा वेगळी असते. पालवर्ल्ड आणि आर्क यांचं वर्ल्ड सर्व्हरच्याच फोल्डरमध्ये 'सेव्ह्ड' नावाच्या उपफोल्डरात असतं. तिथे 'काहीतरी बिघडलंय, फोल्डर उडवून नव्याने बसवू' असं केलं की वर्ल्डही गेलं. म्हणून नवा सर्व्हर बसवला की पहिल्याच दिवशी आत जाऊन एक झोपडी बांधा, सर्व्हर बंद करा आणि कुठली फाइल आत्ता बदलली ते तारीख बघून शोधा. ती फाइल म्हणजे तुमचं वर्ल्ड.

अपडेट का करावंच लागतं?

खेळाडूंच्या कम्प्युटरवर स्टीम गेम आपोआप अपडेट करतं. तुमच्या सर्व्हरवर मात्र कुणी सांगितल्याशिवाय काहीच होत नाही. म्हणजे कंपनीने नवी आवृत्ती सोडली की सगळे मित्र पुढे जातात आणि सर्व्हर मागे राहतो. सर्व्हर जुनाच ठेवू म्हटलं तर खेळायला कुणी येऊ शकत नाही. त्यामुळे अपडेट टाळता येत नाही, ते नीट करणं एवढंच हातात आहे.

अपडेट करायची योग्य पद्धत

१. ग्रुपवर आधी सांगा. आत असलेल्यांना बाहेर पडू द्या.

२. सर्व्हर सभ्यपणे बंद करा. वॅलहाइमला कंट्रोल-सी दिलं की तो आधी वर्ल्ड सेव्ह करतो आणि मग थांबतो. त्याला तेवढा वेळ द्या. प्रोग्राम थेट मारून टाकला तर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. वॅलहाइममध्ये आपोआप सेव्ह मुळात ३० मिनिटांनी होतं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाची मेहनत जाऊ शकते.

३. बॅकअप घ्या. वर्ल्डचा फोल्डर 'टार' कमांडने एका फाइलमध्ये बांधा आणि नावात तारीख घाला. स्वतः बदललेली स्क्रिप्ट आणि सेटिंगच्या फाइल्सही त्यात घ्या.

४. तो बॅकअप त्या मशीनच्या बाहेर न्या. 'एससीपी' किंवा 'आरसिंक' वापरून आपल्या लॅपटॉपवर उतरवा. सर्व्हरच्याच डिस्कवरची प्रत डिस्कबरोबरच जाते.

५. आता वरचीच अ‍ॅप अपडेटची ओळ द्या, पण या वेळी 'व्हॅलिडेट' शब्द काढून.

६. आपल्या प्रतीच्या स्क्रिप्टने सर्व्हर सुरू करा आणि लॉग वाचा. वर्ल्डचं नाव बरोबर आहे का, ते लोड झालं का, ते तिथे दिसतं.

७. आधी एकट्याने आत जा. तुमचा वाडा जागेवर दिसला की मगच ग्रुपवर 'या रे' म्हणा.

सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतात.

'व्हॅलिडेट' कधी द्यायचं?

इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक कमांडमध्ये हा शब्द असतो आणि लोक तो मंत्रासारखा दर वेळी म्हणतात. त्याचा अर्थ समजून घेतला तर तसं होणार नाही.

साध्या अपडेटमध्ये स्टीमसीएमडी आपल्याकडची नोंदवही बघतं. 'स्टीमअ‍ॅप्स' फोल्डरमध्ये 'अ‍ॅपमॅनिफेस्ट' नावाची फाइल असते, तिच्यात सध्या कुठली आवृत्ती बसवलेली आहे ते लिहिलेलं असतं. ती स्टीमकडच्या यादीशी ताडून जे बदललंय तेवढंच उतरवलं जातं. स्टीम मोठ्या फाइल्सचे साधारण १ एमबीचे तुकडे करून ठेवतं, त्यामुळे मोठ्या फाइलमध्ये थोडासाच बदल असेल तर तेवढेच तुकडे येतात.

'व्हॅलिडेट' दिलं की नोंदवहीवर विश्वास न ठेवता प्रत्येक फाइल उघडून तपासली जाते. मूळ फाइलपेक्षा जी वेगळी दिसेल ती बिघडलेली समजून मूळ रूपात परत आणली जाते. तुम्ही मुद्दाम बदललेली फाइल आणि खरोखर बिघडलेली फाइल यातला फरक त्याला कळत नाही. जुन्या काउंटर-स्ट्राइकसारख्या गेम्समध्ये नकाशांचा क्रम ठरवणारी 'मॅपसायकल' फाइल लोक स्वतः लिहितात. व्हॅलिडेट केलं की ती पुसून मूळ यादी येते. तुम्ही वेगळ्या नावाने जोडलेल्या फाइल्सना मात्र धक्का लागत नाही. प्रत काढून बदल करायचा सल्ला वर दिला तो याचसाठी.

म्हणून नियम सोपा: पहिल्यांदा बसवताना, डाउनलोड मध्येच तुटल्यावर किंवा सर्व्हर विनाकारण कोसळत असेल तेव्हा व्हॅलिडेट द्या. एरवी नको.

अपडेट आवडलं नाही तर मागे जाता येतं का?

प्रोग्राम मागे नेणं कधीकधी शक्य असतं, वर्ल्ड मागे नेणं बहुधा नसतं. नवा सर्व्हर जुनं वर्ल्ड उघडतो आणि सेव्ह करताना नव्या पद्धतीने लिहितो. मग जुन्या सर्व्हरला ते वाचता येत नाही. परतीची एकच वाट उरते: अपडेटच्या आधी घेतलेला बॅकअप.

हे गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. वॅलहाइमची चाचणी आवृत्ती 'पब्लिक-टेस्ट' नावाच्या शाखेतून मिळते. ती उघडायला एक पासवर्ड लागतो आणि तो गुप्त नाही, कंपनीनेच जाहीर केलेला आहे: 'येसआयमेडबॅकअप्स'. म्हणजे 'हो, मी बॅकअप घेतलाय' असं लिहून दिल्याशिवाय आत प्रवेश नाही. स्टीमसीएमडीत अशी शाखा घ्यायची तर अ‍ॅप क्रमांकापुढे 'बीटा' पर्याय आणि शाखेचं नाव, मग 'बीटापासवर्ड' आणि तो शब्द द्यायचा.

मॉड वापरणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. मॉड हे विशिष्ट आवृत्तीसाठी लिहिलेले असतात. गेम अपडेट झाला की मॉड बनवणाऱ्याने नवी आवृत्ती देईपर्यंत ते मोडू शकतात. आधी मॉडच्या पानावर बघा, मग अपडेटला हात लावा.

हे सगळं आपोआप होऊ शकतं का?

बऱ्याच अंशी. तीन साधनं माहीत असू द्या.

पहिलं टीमक्स किंवा स्क्रीन. दूरच्या मशीनवर एसएसएचने सर्व्हर सुरू केला आणि लॅपटॉप बंद केला तर सर्व्हरही बंद पडतो. टीमक्समध्ये सुरू केला तर तुम्ही गेलात तरी तो चालू राहतो.

दुसरं सिस्टिमडी. यात सर्व्हरला मशीनची एक सेवा म्हणून नोंदवता येतं. मशीन रीस्टार्ट झालं की सर्व्हरही आपोआप उठतो. इथे एक बारकावा आहे. सिस्टिमडी एखादी सेवा थांबवताना मुळात 'सिगटर्म' हा इशारा पाठवतं, पण वॅलहाइमला कंट्रोल-सीचा म्हणजे 'सिगइंट' हा इशारा द्यायला हवा. सेवेच्या फाइलमध्ये 'किलसिग्नल' या ओळीत तसं लिहा. तसंच तिथे स्टीमसीएमडीचा पूर्ण पत्ता द्या, '/यूएसआर/गेम्स/स्टीमसीएमडी', नाहीतर कमांड सापडत नाही.

तिसरं क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी काम करणारं घड्याळ. रोजच्या बॅकअपसाठी उत्तम. फक्त क्लाउड मशीनचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे ४ ला बॅकअप हवा म्हणून ४ लिहिलंत तर तो सकाळी साडेनऊला होईल.

याशिवाय लिनक्सजीएसएम नावाचं मुक्त साधन आहे. शंभराहून जास्त गेम्सचे सर्व्हर बसवणं, अपडेट करणं आणि बॅकअप घेणं हे त्यात छोट्या कमांडने होतं. आतून तेही स्टीमसीएमडीच वापरतं, म्हणून हा लेख वाचल्यावर ते काय करतंय ते तुम्हाला कळेल.

अपडेट पूर्णपणे आपोआप ठेवावं का? मॉड नसतील आणि प्रत्येक अपडेटआधी बॅकअप होत असेल तर हरकत नाही. बॅकअप नसेल तर नको.

नेहमी येणाऱ्या अडचणी

*फाइल समोर दिसते, तरी 'नो सच फाइल' असा संदेश येतो.* स्टीमसीएमडी हाताने उतरवल्यावर हे हमखास होतं. फाइल असते, पण ती चालवायला लागणाऱ्या ३२-बिट लायब्ररी नसतात. त्या बसवा.

*'नो सबस्क्रिप्शन'.* हा सर्व्हर निनावी लॉगिनने मिळत नाही, किंवा अ‍ॅप क्रमांक चुकला. सर्व्हरऐवजी गेमचा क्रमांक टाकणं ही नेहमीची चूक.

*'०एक्स२०२' असा आकडा.* बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते. 'डीएफ -एच' कमांडने किती जागा उरली ते बघा. जुने बॅकअप साठून राहिल्यानेही असं होतं.

*'इनव्हॅलिड प्लॅटफॉर्म'.* त्या सर्व्हरची लिनक्स आवृत्तीच नाही, फक्त विंडोजची आहे.

*जुना काउंटर-स्ट्राइक १.६ अर्धाच उतरतो.* त्याचा क्रमांक ९० आहे आणि ही जुनी, ओळखीची खोड आहे. सगळं पूर्ण झालं असा संदेश येईपर्यंत तीच कमांड पुन्हा पुन्हा द्यायची.

माइनक्राफ्टचं काय?

माइनक्राफ्ट स्टीमवर नाही, त्यामुळे स्टीमसीएमडीचा उपयोग नाही. जावा आवृत्तीचा सर्व्हर म्हणजे अधिकृत साइटवरून उतरवलेली एक 'जार' फाइल. ती पहिल्यांदा चालवली की थांबते आणि 'युला' नावाची फाइल तयार करते. तिच्यात करार मान्य असल्याचं लिहिलं की पुढे जाता येतं. पोर्ट २५५६५. अपडेट म्हणजे जुनी जार काढून नवी ठेवायची. 'वर्ल्ड' फोल्डर तिथेच शेजारी असतो. नव्या आवृत्तीत उघडलेलं वर्ल्ड जुन्या आवृत्तीत सुरक्षितपणे उघडता येत नाही. म्हणजे गेम बदलला, साधन बदललं, तरी नियम तोच.

शेवटी एक काम

बॅकअप आहे हे माहीत असणं वेगळं आणि तो चालतो हे माहीत असणं वेगळं. या आठवड्यात एकदा वेळ काढा, बॅकअपची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये उलगडा, वेगळ्या पोर्टवर तात्पुरता सर्व्हर सुरू करा आणि आत जाऊन बघा. तुमचा वाडा उभा दिसला, तर पुढचं अपडेट शनिवारी रात्री आलं तरी काळजी नाही. नाही दिसला, तर ते आज कळलं हे बरंच झालं. वर्ल्ड अजून सर्व्हरवर आहे तोवर बॅकअप दुरुस्त करायला वेळ आहे.

तुमच्या ग्रुपमध्ये जो मित्र सर्व्हर सांभाळतो, त्याला हा लेख नक्की पाठवा.